सड्यावरची विमानं

रत्नागिरीच्या माणसाच्या वाट्याला आकाश भरपूर आलं आहे. पश्चिमेला समुद्र, त्यामुळे तिकडे नजर अडवायला काही नाही. गावातून वर चढून गेलं की कातळाचा सडा लागतो, तिथेही तेच. लांबवर पसरलेला काळपट तांबूस जांभा, भाद्रपदात त्यावर इवल्या इवल्या फुलांचं रान, दिवाळीनंतर वाळलेलं पिवळं गवत आणि मध्येच एखादी करवंदीची जाळी. मिरजोळ्याचा विमानतळ अशाच सड्यावर आहे. आज तिथे तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यांचं डॉर्निअर घरावरून गेलं की हातातलं काम टाकून मी अजूनही अंगणात येते. दोन पंख्यांचं, जेमतेम वीसएक माणसांचं ते विमान. जमिनीवरून त्याची चाकं दिसतात, पंखांची ठेवण दिसते, वळताना एक बाजू कशी खाली झुकते तेही दिसतं. मला विमानं आवडतात ती अशी, ओळख पटेल इतकी छोटी. आणि हे वेड लागलं ते त्याहूनही छोट्या, दोन हातांत मावणाऱ्या विमानांमुळे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कोकण रेल्वे यायला अजून वीसेक वर्षं होती. मुंबईला जायचं म्हणजे एसटीने कशेडी घाट ओलांडायचा आणि सगळं अंग आंबवून घ्यायचं. विमानात बसणं ही आमच्या घरात कुणी मनातही न आणलेली गोष्ट होती. अशा घरात दादाने एक दिवस लाकडाच्या पातळ पट्ट्या, पतंगाचा कागद आणि ब्लेड घेऊन माजघरात बैठक मारली. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्याला नाद लावला होता. सर मूळचे पुण्याचे. तिथे ते एनसीसीच्या हवाई शाखेत होते आणि एरोमॉडेलिंग तिथेच शिकले होते. विमान उडतं कसं, हे फळ्यावर समजावून त्यांचं समाधान होत नसे. "करून बघा रे," एवढंच ते म्हणायचे.

करून बघायचं तर सामान हवं. विमानाचा सांगाडा बाल्साच्या लाकडाचा करतात. ते झाड दक्षिण अमेरिकेतलं, लाकूड कमालीचं हलकं. फूटभर लांबीची पट्टी तळहातावर ठेवली तर तिचं वजन कळत नाही. इंजिनं आणि सुट्टे भाग कलकत्त्याहून पोस्टाने यायचे. मनीऑर्डर करायची आणि मग रोज पोस्टमनची वाट बघायची. बाल्सा संपला की सर पांगाऱ्याकडे वळायचे. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून घडत आली आहेत, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. पांगारा बाल्साइतका हलका नसतो, पण शेपटीजवळच्या आधाराला आणि चाकांना चालून जायचा.

पंखांचा सांगाडा तयार झाला की त्यावर पातळ कागद चिकटवायचा, पाण्याचा हलका हबका मारायचा आणि वाळल्यावर डोप लावायचं. डोप म्हणजे एक उग्र वासाचं रोगण. ते सुकताना कागद आवळत जातो आणि सकाळी सैल दिसणारा पंख संध्याकाळी टिचकी मारली तर टणटण वाजतो. त्या वासाने आजी पदर नाकाला लावून मागच्या पडवीत जायची. "काय तो वास रे, मेल्यांनो!" असं ओरडायची खरी, पण सुकायला ठेवलेल्या पंखांवर मांजर बसू नये म्हणून राखणही तीच करायची.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, झेंडावंदनाच्या सुट्टीला धरून, सरांच्या ओळखीची मंडळी रत्नागिरीत जमायची. चिपळूण, सांगली, कोल्हापूर, एखादा पुण्याहून. या जमण्याला नाव नव्हतं, फलक नव्हता, उद्घाटन नव्हतं. पत्रं जायची आणि माणसं यायची. कुणी बँकेत कारकून, कुणी एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, कुणी पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. विमानाचे पंख सुटे करून जुन्या धोतरात गुंडाळलेले, धड खोक्यात, आणि ते खोकं रात्रभर मांडीवर. आंबा घाटाच्या वळणांवर आपलं डोकं आपटलं तरी चालेल, खोकं आपटता कामा नये. उतरलेली मंडळी आमच्या आणि सरांच्या घरी वाटून राहायची. आई पहाटे उठून घावणे करायची. डब्यात ते, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि बाटलीत कोकमचं सरबत घेऊन आम्ही उजाडायच्या आत सड्यावर पोचायचो.

एवढ्या पहाटे जाण्याला कारण होतं. आमच्या किनाऱ्यावर रात्री जमीन निवते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहतो. सूर्य वर आला, जांभा तापला की हा वारा मरतो, आणि त्यानंतर समुद्रावरून खारा वारा जोर धरतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये थोडा वेळ सड्यावर गवताचं पातंही हलत नाही. छोट्या विमानाला तीच वेळ. सर रुमाल वर धरून उभे राहायचे. रुमाल सरळ लोंबला की म्हणायचे, "चला, आपली वेळ झाली."

इंजिन सुरू करणं हा त्या सकाळचा पहिला सोहळा. दादाच्या विमानाचं इंजिन दीड सीसीचं, अंगठ्याहून थोडं मोठं. त्याला प्लग नव्हता. रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांचं मिश्रण आत इतकं दाबलं जायचं की त्या दाबानेच पेट घ्यायचं. दादा उकिडवा बसायचा, मी विमान मागून धरायची. हवा आत जाते त्या भोकावर बोट ठेवून तो पंखा दोनदा फिरवायचा, म्हणजे इंधन नळीतून वर चढतं. मग तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून पात्याला झटका. काही नाही. पुन्हा झटका. फट् करून एक ठोका आणि शांतता. सिलिंडरच्या डोक्यावरचा स्क्रू पाव आटा आवळायचा, इंधनाची सुई केसभर उघडायची, पुन्हा झटका. आणि मग एकदम ते इंजिन जिवंत व्हायचं. आधी अडखळत, फटफटत. दादा सुई हळूहळू बंद करत न्यायचा, तसा आवाज चढत चढत एका सुरात लागायचा. हातातल्या लाकडाला कंप सुटायचा, तो माझ्या कोपरापर्यंत यायचा. जळक्या एरंडेलाचा धूर तोंडावर. हा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो जन्मभर ओळखू येतो.

दादाचं विमान तारांवर उडायचं. पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा निघायच्या, त्या पंधराएक मीटर लांब. दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ वर झुकवली की विमान वर, खाली झुकवली की खाली. दादा मधोमध उभा राहून मोकळा हात वर करायचा, मी विमान सोडून देऊन तारांच्या खाली मान घालून बसायची. विमान गवत कापत धावायचं आणि बघता बघता जमीन सोडायचं. दादाभोवती ते फेर धरायचं आणि दादा जागच्या जागी गरगर फिरायचा. बघणाऱ्यांना ते खेळणं वाटे, पण मूठ हातात घेतली की कळायचं, पलीकडे काहीतरी आपल्याशी ओढाओढ करतं आहे. इंधन संपलं की आवाज तुटायचा आणि विमान घरंगळत येऊन गवतात टेकायचं. मग सगळे धावत विमानाकडे, दादाकडे कुणीच नाही.

जांभ्यावर पडलेल्या विमानाचे मात्र हाल असत. कातळाला दया नाही. पंखाच्या चिंध्या व्हायच्या, धडाचे दोन तुकडे. अशा वेळी सगळ्यांची खोकी उघडायची. कुणी डिंक काढायचं, कुणी बाल्साची पट्टी, कुणी दोरा. ज्याचं विमान त्याच्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्यांना घाई जास्त. एकदा कोल्हापूरच्या एका पाहुण्याच्या इंजिनाचा ग्लो प्लग जळला. हे इंजिन वेगळ्या जातीचं. त्याच्या प्लगमध्ये प्लॅटिनमची केसासारखी तार असते, ती तापून लाल होते आणि मिथेनॉलचं इंधन पेटवते. ती तार तुटली की संपलं. रात्रभर घाटातून आलेला माणूस, विमान धड, इंजिन धड, आणि प्लग नाही. सरांनी खिशातून फोटोच्या रिळाची काळी डबी काढली. तिच्यात कापसात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा एकुलता एक जादा प्लग होता. त्यांचं विमान अजून उडायचं होतं. "अवो सर, तुमालाच लागंल की ह्यो," पाहुणा म्हणाला. सर म्हणाले, "तुमचं आधी उडू दे. तुम्ही लांबून आलात." ते विमान उडालं, आणि काय सुंदर उडालं!

त्या दिवशी घावणे खाताना सरांनी जी गोष्ट सांगितली, ती मी पुढे अनेकांना सांगितली आहे. आगा खानांनी बक्षीस लावलं होतं: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधला प्रवास, कुठल्याही दिशेने, एकट्याने विमानातून पहिल्यांदा करणाऱ्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. १९३० साली कराचीहून निघाले जे. आर. डी. टाटा. इंग्लंडहून निघाला अ‍ॅस्पी इंजिनिअर, विशीही न गाठलेला पोरगा. दोघे इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर भेटले. अ‍ॅस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे चांगला स्पार्क प्लग नव्हता. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग त्याला दिला आणि पुढे निघाले. अ‍ॅस्पी थोड्या तासांच्या फरकाने आधी पोचला, बक्षीस त्याला मिळालं. हाच अ‍ॅस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. "स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारी माणसं या नादात असतात," सर म्हणाले. कोल्हापूरचा पाहुणा खाली बघून घावणे खात होता. त्याचे डोळे भरून आले होते.

सरांच्या गोष्टींतून जुहूही आमच्या ओळखीचं झालं. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. तिथे शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडींनी वैमानिकाचा परवाना मिळवला, देशात दिलेला पहिला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ विमानातून निघाले. एक इंजिन, लाकूड आणि कापडाचा मोठा वाटा. अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आलेल्या डब्यांतलं पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूला पोचले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, मग टाटांची विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावरून उडायची. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईहून गोवा, कण्णूरमार्गे तिरुवनंतपुरमपर्यंत टपालसेवा सुरू केली. हे ऐकलं की आम्ही मुलं सड्याच्या कडेला जाऊन खालचा किनारा बघायचो. मुंबई आणि गोवा यांच्या मध्ये तर आम्हीच राहत होतो!

तारांशिवाय उडणारी विमानंही असायची. नुसते पंख आणि शेपूट, इंजिन नाही. दोऱ्याने ओढून वर चढवायची आणि सोडून द्यायची. एकदा सांगलीच्या एकाचं असं ग्लायडर वर गेलं ते खाली येईचना. ऊन तापलं होतं, कातळावरून गरम हवा वर चढत होती आणि ग्लायडर त्या हवेत गोल फिरत बारीक बारीक होत गेलं. मग वारा लागून ते दरीच्या बाजूला सरकलं. आम्ही सगळे खाली धावलो. काजूच्या बागेत, कुंपणावरून, चिऱ्याच्या खाणीच्या कडेने, नजर वर. दुपार टळून गेली तरी विमान सापडलं नाही. संध्याकाळी एक गुराखी आमच्या दारात उभा. हातात ग्लायडर, पंखाला ओरखडाही नाही. "तुमचा पाखरू आमच्या आंब्यावर बसला व्हता," म्हणाला. आईने त्याला चहा दिला. पुढच्या जानेवारीत तो आपणहून सड्यावर आला आणि त्यानंतर दर वर्षी येत राहिला.

कॉलेजसाठी मी पुण्याला मामाकडे गेले. १५ ऑक्टोबर १९८२ ला जेआरडी वयाच्या ७८ व्या वर्षी कराचीहून मुंबईला लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा आले. पन्नास वर्षांपूर्वीचं उड्डाण त्यांनी तसंच करून दाखवलं. वर्तमानपत्रातला तो फोटो मी कापून रत्नागिरीला दादाला पाठवला. तो आठवडा आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. मामा म्हणाला, "नुसते फोटो काय कापतेस? रविवारी हडपसरला चल."

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर हे नागरी विमानवाहतूक खात्याचं केंद्र. सासवड रस्त्याच्या बाजूला, तेव्हा आजूबाजूला शेतंच शेतं. पीएमटीने गाडीतळापर्यंत जायचं आणि तिथून पुढे. मैदानावर पाय ठेवला आणि वाटलं, अरे, हा तर आपला सडाच! तेच गवत, तेच वर बघत उभे असलेले लोक, तीच माणसांची जातकुळी. कॉलेजची पोरं, दुकानदार, कारखान्यातले फिटर, निवृत्त फौजी. फरक एवढाच की इथल्या विमानात माणूस बसायचा.

ग्लायडिंग हा एकट्यादुकट्याचा खेळ नाही. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच. विंच म्हणजे दणकट इंजिनावर चालणारं मोठं रहाट. त्यावर गुंडाळलेली पोलादी केबल मैदानभर ताणून ग्लायडरच्या पोटाला अडकवतात. एकजण केबल जोडतो, एकजण पंखाचं टोक धरून उभा राहतो, एकजण खुणा करतो, एकजण वहीत वेळ लिहितो. उतरलेलं ग्लायडर ढकलत पुन्हा जागेवर आणायला चारपाच जण लागतात. स्वतःची पाळी येण्यासाठी सकाळपासून दुसऱ्यांची ग्लायडरं ढकलायची हा तिथला रिवाज. मी त्या रिवाजात आनंदाने सामील झाले.

आणि मग माझी पाळी आली. दोन माणसांना शेजारी शेजारी बसवणारं लाकडी रोहिणी ग्लायडर. आपल्याच देशात आखलेलं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. आपल्याकडच्या ग्लायडरांना नावं नक्षत्रांची दिलेली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. पेरणी रोहिणीवर आणि पाऊस मृगावर धरणाऱ्या आमच्या आजीला मी हे पत्रात लिहिलं, तेव्हा तिने पत्र शेजारणीला वाचून दाखवलं.

प्रशिक्षकांनी पट्टे आवळले. समोर काचेवर लोकरीचा एक तांबडा धागा चिकटवलेला. "हा सरळ राहिला पाहिजे. वाकडा झाला तर आपण वाकडे उडतोय," ते म्हणाले. बाहेर मुलाने पंख उचलून आडवा केला. ही तयार असल्याची खूण. केबल गवतातून सरकली, ताणली गेली, आणि पाठीला धक्का बसला. चार हात जमीन धावल्याचं कळतंय तोवर चाक सुटलं आणि नाक आकाशाकडे. पुढे फक्त निळं. वारा लाकडाच्या फटींतून शीळ घालत होता. थोड्याच वेळात ओढ कमी झाली, प्रशिक्षकांनी पिवळी मूठ ओढली, खट् आवाज झाला आणि केबल सुटली. आवाज विरला. खाली उसाचे चौकोन, दिवे घाटाकडचे डोंगर, विंचजवळ मुंगीएवढी माणसं. तांबडा धागा सरळ.

समोर एक घार गोल फिरत होती. प्रशिक्षकांनी ग्लायडर तिच्याकडे वळवलं. पंख एका बाजूला झुकला, बुडाखालून काहीतरी उचलल्यासारखं झालं आणि चढ दाखवणारा काटा वर गेला. सांगलीचं ते ग्लायडर आमच्या सड्यावरून ज्या हवेने उचललं होतं, तीच ही हवा. तेव्हा खालून मान दुखेपर्यंत बघितली होती, आज तिच्यात मी बसले होते. घार आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत तिच्या वाटेने फिरत राहिली. खाली उतरल्यावर पंख धरणाऱ्या मुलाने विचारलं, "कसं वाटलं, ताई?" मला बोलता येईना. मी उठून पुढच्या ग्लायडरचा पंख धरायला गेले.

पुढे नोकरी, संसार, बदल्या. सर गेले. जानेवारीतलं सड्यावरचं जमणं हळूहळू विरळ होत थांबलं. पण हा नाद महाराष्ट्रातून कुठे गेला नाही, हे बघून फार बरं वाटतं. पुण्यात सदानंद काळे यांच्यासारख्यांनी एरोमॉडेलिंगचे कार्यक्रम करून मुलांच्या कितीतरी पिढ्यांना वर बघायला लावलं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी बघितलं, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला ते हवेत गेलं. घरच्यांनी या विमानापायी सोसलेली ओढगस्त वाचताना मला माजघरातल्या पट्ट्या आठवल्या, आणि राखण करणारी आजीही.

मुंबईची आरोही पंडित बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्येच शिकली. २०१९ मध्ये तिने 'माही' नावाच्या चिमुकल्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. अशा विमानातून तो महासागर एकट्याने पार करणारी ती जगातली पहिली स्त्री. १५ ऑक्टोबर २०२१ ला जेआरडींच्या पहिल्या टपालफेरीच्या आठवणीसाठी ती भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली. दादाने या वेळी मला बातमीचं कात्रण पाठवलं, फोनवर. सोबत एकच ओळ लिहिली होती: सर हवे होते.

आता पुन्हा रत्नागिरीत राहायला आले आहे. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मिरजोळ्यालाही प्रवासी विमानांसाठी काम चाललं आहे. एक दिवस मुंबईचं विमान इथून सुटेल आणि कशेडी घाटाची आठवण आमच्या नातवंडांना सांगून समजावी लागेल. ते व्हायलाच हवं. पण प्रवासी विमानाने माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. विमान उडतं कसं, पंखाला उचल कुठून मिळते, वारा कधी वळतो, हे त्याला तिकीट काढून कळत नाही. ते कळतं हाताने पंख बांधल्यावर, तो मोडल्यावर आणि शेजारच्याने आपल्या खोक्यातली पट्टी काढून दिल्यावर.

आज सामान कितीतरी सोपं झालं आहे. एरंडेलाच्या धुराची जागा विजेच्या मोटरने आणि बॅटरीने घेतली, बाल्साच्या जोडीला फोम आला, पोस्टमनची वाट बघावी लागत नाही. नियमही आले आहेत, आणि ते योग्यच आहेत. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, तिथे खऱ्या माणसांनी भरलेली विमानं ये-जा करतात. म्हणून जागा धावपट्टीपासून दूरची, परवानगी घेतलेली हवी. असे सडे आपल्या जिल्ह्यात मुबलक आहेत. शाळांमध्ये विज्ञानाचे शिक्षक आहेत, एनसीसीची मुलं आहेत, तटरक्षक दलाचे वैमानिक इथेच राहतात, आणि बोलावलं तर मुलांशी बोलायला ते आनंदाने येतील असा माझा विश्वास आहे.

येत्या जानेवारीत दादा आणि मी पुन्हा पत्रं पाठवणार आहोत. तुमच्या माळ्यावर एखादं जुनं इंजिन पडलं असेल, तुमच्या घरी कागदाची विमानं करून करून वह्या संपवणारं एखादं पोर असेल, तर त्याला घेऊन या. शाळांच्या मुख्याध्यापकांना, पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, वर्षातली एक सकाळ या मुलांना द्या. मोकळा सडा, दोन जाणती माणसं आणि मोडलेलं पुन्हा जोडायला डिंक, एवढं पुरतं. घावण्यांची जबाबदारी माझी.